घोडा पोहला, साखर उतरली. पण मोजली कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरच्या बायपासपलीकडे फार्महाऊसवर घोडा बांधणाऱ्यांत आणि राइडिंग स्कूलमध्ये सध्या घोड्यांच्या पोहण्याच्या तलावाचा विषय निघतोच. हांग्चौच्या एशियाडमध्ये २०२३ साली भारताच्या ड्रेसाज (घोड्याकडून ठरावीक चाली करून घेण्याची स्पर्धा) संघाने सुवर्णपदक मिळवले, त्या संघात आपल्या इंदूरची सुदीप्ती हाजेला होती. गावात घोड्यांची हौस वाढली तर आनंदच आहे. पण या हौशीबरोबर एक सल्लाही फिरतो आहे: घोडा जाड झाला, ‘शुगर’ वाढली, तर त्याला रोज दहा मिनिटे पोहवा, साखर आपोआप खाली येते. पुरावा म्हणून पोहण्याआधीचा आणि नंतरचा ग्लुकोमीटरचा फोटो दाखवतात. या सल्ल्यात खरे किती आणि त्या फोटोची किंमत काय, हे सांगावे म्हणून हे पत्र.

आधी साखरेचेच बघू. निवांत उभ्या असलेल्या निरोगी घोड्याच्या रक्तात ग्लुकोज साधारण ७५ ते ११५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. माणसाला होतो तसा टाइप-टू मधुमेह घोड्याला क्वचितच होतो. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले की घोड्याचे स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडते आणि साखर जागच्या जागी धरून ठेवते. त्यामुळे मानेवरची आयाळीची कड दगडासारखी टणक, शेपटीच्या मुळाशी चरबीच्या गाद्या, आणि रक्तातली साखर मात्र ९२, असा घोडा चांगलाच आजारी असू शकतो. लघवीची पट्टी कोरी निघाली म्हणून निश्चिंत होणारेही भेटतात. त्या पट्टीला इथे काही अर्थ नाही.

धोका इन्शुलिनचा आहे, आणि तो खुरात उतरतो. ऑस्ट्रेलियात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी पोनींच्या रक्तात साखर सामान्य ठेवून फक्त इन्शुलिन चढते ठेवले. ७२ तासांच्या आत त्या सर्वांना चारही पायांत लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतला आजार झाला. पुढे २०१० मध्ये स्टँडर्डब्रेड जातीच्या घोड्यांतही हेच दिसले, तेही ४८ तासांत. खुराच्या आतले हाड ज्या पापुद्र्यांनी खुराच्या भिंतीला धरून असते, ते पापुद्रे सैल होतात. घोडा पुढचे पाय पुढे टाकून, भार टाचांवर घेऊन उभा राहतो. म्हणून ‘साखर किती’ हा प्रश्न घोड्याच्या बाबतीत दुय्यम आहे. पहिला प्रश्न, इन्शुलिन किती.

आता व्यायाम. स्नायू आकुंचन पावू लागले की पेशीच्या आतले ग्लुट-४ नावाचे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि रक्तातले ग्लुकोज आत घेतात. याला इन्शुलिनची गरज पडत नाही, आणि इन्शुलिनला दाद न देणाऱ्या जनावरासाठी व्यायामाचे मोल नेमके यातच आहे. त्याच वेळी यकृत ग्लुकोज सोडत असते आणि काम चालू असेपर्यंत इन्शुलिनचा स्राव दबलेला असतो. काम संथ असेल तर साखर थोडी उतरते किंवा तिथेच राहते. काम जोराचे असेल, किंवा घोडा घाबरलेला असेल, तर ॲड्रिनलिन यकृताला साठवलेले ग्लायकोजन फोडायला लावते आणि साखर चढते. दोन्ही निरोगी प्रतिक्रिया आहेत. कामानंतर रिकामे झालेले स्नायू रक्तातून ग्लुकोज ओढून साठा भरत राहतात. घोड्याला यासाठी ४८ ते ७२ तास लागतात. माणसाचे साधारण एका दिवसात भागते. व्यायामाचा खरा फायदा या भरपाईच्या काळात असतो. काम थांबले की तो ओसरतो, म्हणून महिनाभर रोज आणि मग दोन महिने काहीच नाही, असल्या हौसेचा उपयोग नाही.

पोहणे या हिशेबात कुठे बसते? पाण्यात घोड्याचे वजन जाणवत नाही, त्यामुळे ते हलके काम आहे असा समज आहे. सांध्यांना, खुरांना, कंडरांना ते हलके आहेच. हृदयाला नाही. पोहताना ठोके मिनिटाला साधारण १४० ते १८० जातात, घाबरलेल्या नवख्या घोड्याचे त्याहून वर. पुढचे पाय बरेचसे तोल सांभाळतात, शरीर ढकलण्याचे काम मागचे पाय करतात, मान वर आणि पाठ खाली दबलेली. छातीवर पाण्याचा दाब असतो, त्यामुळे घोडा पटकन श्वास घेतो, क्षणभर रोखतो आणि मग फुसकारत सोडतो. थोडक्यात, पोहणे हे बेताच्या वेळाचे पण चांगलेच कष्टाचे काम आहे. सरावलेली घोडी पाच मिनिटे पोहून ९५ वरून ८६ वर येईल, आणि शेजारचा नवखा घोडा पहिल्याच फेरीनंतर १३० दाखवेल. पहिली सुधारली आणि दुसरा बिघडला, असा अर्थ यातून निघत नाही.

मात्रेचा प्रश्न याहून मोठा. इन्शुलिनचा बिघाड असलेल्या पण लॅमिनायटिस न झालेल्या घोड्यांसाठी युरोपातल्या अश्ववैद्यकांच्या २०१९च्या सहमतीपत्रातली शिफारस अशी: हृदयाचे ठोके १५० ते १७० पर्यंत जातील असे काम, दर वेळी ३० मिनिटांहून अधिक, आठवड्यातून पाच वेळांहून अधिक. लॅमिनायटिसमधून पूर्ण बऱ्या झालेल्यांना मऊ जमिनीवर, १३० ते १५० ठोक्यांचे काम, ३० मिनिटांहून अधिक, आठवड्यातून तीन वेळांहून अधिक. म्हणजे पहिल्या प्रकारात आठवड्याला किमान दीडशे मिनिटे. तलावात सलग पाच मिनिटे पोहणे हे सरावलेल्या घोड्यालाही भरपूर होते. आठवड्यातून तीनदा धरले तर पंधरा मिनिटे. उरलेली एकशे पस्तीस मिनिटे कुठून आणणार? ती जमिनीवरच भरून काढावी लागतात. ‘रोज दहा मिनिटे’ हा सल्ला त्यामुळे दोन्हीकडून फसतो: सुरुवात करणाऱ्या जाड घोड्याला तो झेपत नाही, आणि चयापचयासाठी तो पुरत नाही. पाण्यातला ट्रेडमिल असेल तर गोष्ट वेगळी. त्यात घोडा छातीएवढ्या पाण्यात वीस-तीस मिनिटे चालू शकतो. पण त्याची किंमत ऐकून बहुतेक जण दुडकीकडे वळतील.

आणि दुडकी कमी नाही. २०१९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या आणखी एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात लठ्ठ घोडे-पोनींचा आहार बारा आठवडे कमी केला. त्यातल्या काहींना शिवाय आठवड्यातून पाच दिवस १५ मिनिटे झपाट्याची दुडकी चालवली. वजन दोन्ही गटांत सारखेच उतरले. इन्शुलिनला दाद देण्यात सुधारणा मात्र दुडकी चालवलेल्यांत दिसली. पोहणे आणि ग्लुकोज-इन्शुलिन यांवर थरोब्रेड जातीच्या घोड्यांवर झालेले काम लहान गटांवरचे आहे. उत्साह वाढवायला ते ठीक. त्यावर पोहण्याचे मासिक पॅकेज विकणे ही घाई झाली.

आता ग्लुकोमीटरच्या फोटोकडे. घोड्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो. काम सुरू झाले, किंवा घोडा नुसता बिचकला, की प्लीहा आकसते आणि तो साठा रक्तात येतो. निवांत घोड्याच्या रक्तात पेशींचा वाटा ३५ ते ४० टक्के असतो, तो जोराच्या कामात ६० टक्क्यांच्या वर जातो. माणसासाठी केलेली ग्लुकोमीटरची पट्टी पूर्ण रक्ताच्या थेंबावर चालते, आणि रक्त दाट झाले की ती साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवते. म्हणजे तलावातून बाहेर आल्या आल्या घेतलेला आकडा ज्या दिशेने चुकतो, ती नेमकी विक्रेत्याच्या सोयीची दिशा आहे. कोणी मुद्दाम फसवतो असे आमचे म्हणणे नाही. यंत्रच तसे आहे. पण पॅकेजच्या जाहिरातीत तो फोटो छापू नये.

साखर खरोखर मोजायची तर मानेच्या शिरेतून रक्त घ्यावे, सोडियम फ्लोराइडच्या करड्या झाकणाच्या नळीत भरावे, नळी आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी करावी आणि बर्फाच्या डब्यात ठेवावी. साध्या नळीत रक्त गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून तासाभराने लॅबला दिले तर पेशी तेवढ्यात ग्लुकोज खात बसतात, आणि मे महिन्यात तर आणखी जोरात. अहवाल कमी येतो, मालक खूश होतो. दुसरी नेहमीची चूक गुंगीच्या इंजेक्शनची. घोडा सुई लावू देत नाही म्हणून झायलाझीन किंवा डेटोमिडीन देतात आणि मग रक्त घेतात. ही औषधे इन्शुलिनचा स्राव दाबतात आणि साखर चढवतात. तो नमुना दोन्ही चाचण्यांसाठी वाया गेला. ट्रेलरमधून आणलेल्या, घामाघूम झालेल्या घोड्याचा नमुनाही तसाच.

इन्शुलिनची चाचणी म्हणजे उपाशी घोड्याचे रक्त घेणे नव्हे. उपाशीपोटी कित्येक बिघडलेले घोडे साफ सुटतात. त्यांना साखर देऊन बघावे लागते. आपल्याकडे सोपी पडते ती चाऱ्यातून ग्लुकोज देण्याची पद्धत: रात्री उशिरा थोडे गवत देऊन नंतर काही नाही, सकाळी दर किलो वजनाला अर्धा ग्रॅम ग्लुकोज पावडर थोड्या कापलेल्या, साखर कमी असलेल्या वैरणीत कालवून द्यायची, आणि दोन तासांनी रक्त घ्यायचे. ३६५ किलोच्या घोडीला १८० ग्रॅमच्या आसपास होते. पूर्वी लॅमिनायटिस झालेल्या जनावराला ही चाचणी पशुवैद्यकाच्या हाताखालीच करावी. निकालाचा आकडा लॅबच्या पद्धतीनुसार बदलतो. माणसाच्या इन्शुलिनसाठी बनवलेल्या काही किट्सना घोड्याचे इन्शुलिन नीट ओळखू येत नाही, म्हणून नमुना देण्याआधी लॅबला विचारा: ही पद्धत घोड्यासाठी पडताळलेली आहे का? उत्तर चाचरत आले तर नमुना दुसरीकडे पाठवा. आणि पोहण्याचा कार्यक्रम उपयोगी पडला का हे बघायचे तर सुरुवातीला एक आणि सहा-आठ आठवड्यांनी एक, अशा दोन चाचण्या हव्यात. तीच लॅब, तीच मात्रा, आणि शेवटच्या व्यायामानंतर एक-दोन दिवस विश्रांती दिल्यावर. त्याच सकाळी पोहून आलेल्या घोड्याची चाचणी करू नये.

तलावापेक्षा तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या दाण्याच्या पिशवीत) काय जाते याने घोड्याचे इन्शुलिन जास्त हलते, आणि इंदूरच्या घोड्यांची खरी गोष्ट इथे आहे. वजन काढणे कठीण नाही. काखेमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १७० आणि लांबी १५० असेल तर ३६५ किलो. वजन उतरवायचे असेल तर अशा घोडीला दिवसाला वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा (ओलावा वगळून), म्हणजे वाळलेले गवत साधारण सहा किलो, तराजूवर मोजून. काटा हाताशी नाही म्हणून ‘दोन पेंढ्या’ असा हिशेब करू नका; पेंढी पेंढीत किलोचा फरक असतो. सव्वा टक्क्याच्या खाली मात्र जाऊ नये. पोनी आणि गाढवांना अचानक उपाशी ठेवले तर चरबी रक्तात उतरते आणि यकृत बसते. लठ्ठ जनावराला उपासाने मारता येते हे पुष्कळांना ठाऊक नसते.

चंदी, म्हणजे दाणा, बंद. हे वाक्य ऐकून मोतद्दार नाराज होतात, पण हिशेब बघा. धडधाकट घोड्यालाही एका वेळी दर किलो वजनाला एक ग्रॅमहून जास्त स्टार्च देऊ नये, म्हणजे आपल्या ३६५ किलोच्या घोडीला ३६५ ग्रॅम. दोन किलो जवात एक किलोच्या आसपास स्टार्च असतो, जवळजवळ तिप्पट. इन्शुलिन बिघडलेल्या घोडीला तर त्या ३६५ ग्रॅमच्याही फार खाली राहावे लागते. त्यावर पाव किलो गूळ म्हणजे दोनशे ग्रॅमहून जास्त साखर. हरभरा, जव, कोंडा, गूळ आणि शिळ्या पोळ्या हा तोबरा दिवसाला दोनदा देऊन घोडा तलावात पाच मिनिटे फिरवणे म्हणजे नळ चालू ठेवून टाकी उपसणे. वरातीत लोक कौतुकाने जिलेबी भरवतात, तेही यातच धरावे. वरातीच्या घोडीचे आणखी एक: आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्ने नाहीत, घोडी चार महिने खुंट्याला, खुराक मात्र लग्नसराईचाच. ज्या थोड्या घोड्या सुस्थितीत असतात त्या नेमक्या या काळात मानेला जाड होतात. रस्त्यावर राबणाऱ्या बहुतेक घोड्यांचा प्रश्न याच्या उलट, हाडे दिसण्याचा आहे. त्यांना हे पत्र लागू करू नये.

हिरव्या चाऱ्याबद्दल एक बारकावा. जानेवारीत माळव्यात रात्री गारठा आणि दिवसा लख्ख ऊन असते. उन्हात जईसारखे पीक साखर बनवत राहते, रात्रीच्या थंडीत वाढ खुंटल्याने ती वापरली जात नाही, आणि खोडात साठते. अशा दिवसांत संध्याकाळी कापलेली हिरवी जई बिघडलेल्या घोड्याला देऊ नये. एरवी हिरवे द्यायचेच तर पहाटे कापलेले बरे. वाळलेले गवत तासभर थंड पाण्यात भिजवले तर विरघळणारी साखर काही प्रमाणात निघते. ते पिवळसर पाणी ओतून द्यावे, घोड्याला पाजू नये. गवताचे वजन भिजवण्याआधी करावे. उन्हाळ्यात रात्रभर भिजत ठेवलेले गवत आंबते, तेव्हा एका तासावर जाऊ नये. गव्हाचा भुसा साखरेला कमी म्हणून सगळा चारा भुसाच करणारेही आहेत. त्याने आतड्यात गोळा अडकून पोटशूळ होतो. एकतृतीयांशाच्या वर नको.

पोहण्याच्या आधीच्या खाण्याला म्हणून महत्त्व आहे. चंदी खाल्ल्यानंतर दीड-दोन तासांनी साखर आणि इन्शुलिन दोन्ही शिखरावर असतात. त्या क्षणी घोडा पाण्यात उतरला तर स्नायू आणि इन्शुलिन दोघे मिळून साखर ओढतात, ती झपकन खाली येते, आणि इन्शुलिनने चरबी जाळणे दाबलेले असल्याने घोडा लवकर दमतो. हाच तो ‘साखर चाळीसने उतरली’ असा सुंदर फोटो. पोहण्याआधी तीन-चार तास दाणा नको. मूठ-दोन मूठ गवत चालेल.

कोणत्या घोड्याला पाण्यात उतरवूच नये? ताजा लॅमिनायटिस असलेल्याला. पाण्यात भार नाही हे खरे, पण तलावापर्यंत चालणे, उतारावर उतरणे, वळणे आणि ओल्याने मऊ झालेला खूर हे सगळे त्या सैल पापुद्र्यांना सोसत नाही. पाठ, माकडहाड किंवा मागच्या गुडघ्याची तक्रार असलेल्याला, कारण पोहताना पाठ खाली दबते आणि मागचे पाय जोरात फेकले जातात. कामानंतर नाकातून रक्त येणाऱ्याला. घशाची ‘टाय-बॅक’ शस्त्रक्रिया झालेल्याला तर कधीच नाही. त्याची श्वासनळी पाण्यासाठी उघडी राहते. जखम, टाके, डोळ्यांना पाणी असेल तर थांबा. पंधरा वर्षांच्या पुढचा, उन्हाळ्यातही लांब केस न गाळणारा घोडा आधी पिट्युटरीच्या आजारासाठी तपासून घ्यावा. त्याचे इन्शुलिन पोहण्याने वळणावर येणार नाही.

औषधांचे दोन शब्द, कारण पोहायला येणारा घोडा बहुधा लंगडणारा असतो. सांध्यात ट्रायमसिनोलोनसारखे स्टेरॉइड टोचले असेल तर काही दिवस इन्शुलिन चढते. जाड मानेच्या घोड्याला असे इंजेक्शन देऊन लगेच ‘आराम म्हणून’ तलावावर पाठवायचे आणि आठवड्याने लॅमिनायटिस झाला की पाण्याला दोष द्यायचा, हे होऊ नये. माणसाच्या मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या घोड्याला चारणारेही आहेत. घोड्याच्या आतड्यातून ती चार ते सात टक्केच शोषली जाते. नव्या ग्लिफ्लोझिन औषधांनी इन्शुलिन खाली येते, पण रक्तातली चरबी वाढू शकते, म्हणून ती रक्त तपासत, पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच.

हे सगळे तपासून घोडा पोहण्याजोगा ठरला, तर पद्धत अशी. तलाव सरळ, दोन्ही टोकांना खरखरीत रबर लावलेला बेताचा उतार, मध्ये तीन-साडेतीन मीटर खोली म्हणजे पाय तळाला लागणार नाहीत. खोगीर, पट्टे, बँडेज काहीच नाही. लगाम नको, मजबूत मोरखी आणि दोन्ही बाजूंना एकेक लांब दोर, दोन माणसे काठावरून घोड्याच्या डोक्याच्या रेषेत चालणारी. दोर वर खेचून डोके उचलू नये. पाठ आणखी दबते आणि मागचा भाग बुडतो. उतरण्याआधी दहा-पंधरा मिनिटे चालवून, नळीने पाय आणि पोट ओले करावे. पहिला आठवडा फक्त उतारावर, छातीएवढ्या पाण्यापर्यंत जाऊन परत. दुसऱ्यात एक फेरी, अर्धा-एक मिनिट. मग दर आठवड्याला मिनिटभर वाढवत पाचपर्यंत, फेऱ्यांमध्ये उतारावर थांबा, दिवसाआड. स्टेथोस्कोप डाव्या कोपराच्या मागे लावून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. बाहेर आल्यावर पंधरा मिनिटांनीही ६४ च्या वर असेल तर पुढच्या वेळी एक मिनिट कमी. नाकपुडीत रक्ताची रेघ दिसली तर त्या घोड्याचे पोहणे बंद.

नंतर पंधरा मिनिटे सावकाश चालवावे, पट्टीने पाणी निथळावे, डिसेंबरात वाऱ्यात उभा ठेवू नये. त्या महिन्यांत पोहण्याची वेळ दुपारची. पाण्यातही घोडा घामतो, तो दिसत नाही एवढेच, म्हणून दिवसाला सुमारे ३० ग्रॅम साधे मीठ आणि समोर स्वच्छ पाणी. आधी गवत, बाकी सगळे मागाहून. पोहल्यानंतर पोटशूळ उठल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत, तेव्हा पुढचे दोन-तीन तास कोणीतरी नजर ठेवावी: पोटाकडे वळून बघणे, पुढच्या पायाने जमीन खरवडणे, पुन्हा पुन्हा बसू पाहणे. खूर रोज साफ करून बेचकीत वास येतो का बघावे. आणि जो घोडा तीन महिने फक्त पोहला आहे त्याची हाडे भार विसरलेली असतात. त्याला एकदम चौखूर सोडू नये, सहा-आठ आठवडे चाल आणि दुडकीतून वर आणावे.

तलाव बांधणाऱ्यांसाठी पाण्याचा हिशेब. उतार सोडून मधला खोल भाग १२ मीटर लांब, ४ मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल म्हणजे १,६८,००० लिटर. मे महिन्यात दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तरी रोज चारशे लिटरच्या आसपास उडून जाते, घोडे बाहेर काढतात ते वेगळे. जलूदहून पंपांनी चढवून आणलेल्या नर्मदेच्या पाण्यावर जगणाऱ्या शहरात गाळणी यंत्राविना असा तलाव भरू नये. घोडा पोहताना लीद टाकतो, ती लगेच जाळीने काढावी लागते. क्लोरीन आणि सामू रोज तपासावा लागतो. हे न करता महिनाभर तेच पाणी वापरले की कातडीचे चट्टे आणि खुराची कुज आलीच.

यावर स्वस्त उपाय म्हणून घोडा सिरपूर किंवा यशवंत सागर तलावात उतरवण्याची सूचनाही कानावर येते. दोन्ही २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आहेत, तिथे घोड्यांचा कळप उतरवणे बरे नव्हे. शिवाय साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरा हा जंतू येतो, आणि घोड्यात तो महिन्यांनी डोळ्यांच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुजेच्या रूपाने उगवतो, ज्यात शेवटी दृष्टी जाते. तळ चिखलाचा, वेलींचा, उतार ठाऊक नाही, काठावरून दोर धरणारी दोन माणसे नाहीत. उन्हाळ्यात घोडा नुसता थंड करायचा असेल तर सावलीत उभा करून नळीने मान, छाती आणि मांड्यांवर सतत पाणी मारत राहावे. श्वास आणि ठोके खाली येईपर्यंत थांबू नये, मध्ये मध्ये पट्टीने निथळत बसण्याची गरज नाही.

आपले,
घोड्यांच्या उपचारांशी संबंधित दोन वाचक,
इंदूर